मानाग्वाची शाळा आणि बसमधली भाषा : एक प्रकरण अभ्यास

परदेशात जाऊन कर्णबधिर किंवा अपंग मुलांसाठी काही महिने काम करावे, अशी इच्छा असणारे तरुण आता मराठी घरांतूनही निघू लागले आहेत. विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात असल्यामुळे त्यांतले काही अर्ज माझ्या नजरेखालून जातात आणि बहुतेकांत एक वाक्य हमखास असते, ते म्हणजे 'मला त्या मुलांना शिकवायचे आहे'. या वाक्यातला हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण मुलांना जे शिकवायचे ते त्यांच्याजवळ नाही आणि आपल्याजवळ आहे, असे त्यात आधीच धरलेले असते. हे गृहीत कुठवर खरे आणि कुठे खोटे, हे तपासायला मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या छोट्या देशात १९८६ साली उद्भवलेल्या परिस्थितीइतके उपयुक्त दुसरे प्रकरण मला माहीत नाही. भाषाशास्त्राच्या वर्गात ते 'नवी भाषा जन्मताना पाहिली' या अंगाने सांगितले जाते. इथे ते बाहेरून आलेल्या व्यक्तीने काय केले, काय टाळले आणि त्याची किंमत कोणी मोजली, या अंगाने मांडतो.

परिस्थिती

निकाराग्वात विशेष शिक्षणाची लहानशी सुरुवात विसाव्या शतकाच्या मध्यापासून होती, पण कर्णबधिर मुले मोठ्या संख्येने एकत्र येतील अशी जागा देशात नव्हती. बहिरे मूल घरातच वाढे. आई-वडील, भावंडे आणि ते मूल मिळून जेवण, झोप, पाणी, बाजार, अशा रोजच्या गोष्टींपुरत्या काही खुणा ठरवत आणि त्या खुणा उंबऱ्याबाहेर कोणाला कळत नसत. शेजारच्या गल्लीत दुसरे बहिरे मूल असले तरी त्याच्या घरच्या खुणा वेगळ्या. १९७२ च्या डिसेंबरातील भूकंपाने राजधानी मानाग्वा जवळजवळ भुईसपाट केली. त्यानंतर सावरणाऱ्या शहरात, सोमोसा घराण्याची हुकूमशाही अखेरच्या टप्प्यात असताना, १९७७ साली सान हुदास या वस्तीत विशेष शिक्षणाचे केंद्र सुरू झाले आणि त्यात सुमारे ५० कर्णबधिर मुले दाखल झाली. जुलै १९७९ मध्ये सांदिनिस्ता क्रांतिकारकांनी सत्ता घेतली तेव्हा ही संख्या १०० च्या घरात गेली होती.

नव्या सरकारला शिक्षणाचे वेड होते, असे म्हटले तर ते कौतुकानेच म्हणावे लागेल. १९८० च्या मार्च ते ऑगस्ट या महिन्यांत हजारो शाळकरी पोरे खेड्यापाड्यांत राहून मोठ्यांना अक्षरे शिकवत होती आणि त्या साक्षरता मोहिमेला युनेस्कोचे पारितोषिकही मिळाले. याच लाटेत कर्णबधिर किशोरांसाठी मानाग्वाच्या व्हिया लिबेर्ताद भागात व्यवसाय प्रशिक्षणाची शाळा निघाली आणि १९८३ पर्यंत दोन्ही शाळांत मिळून ४०० हून अधिक कर्णबधिर विद्यार्थी शिकू लागले. निकाराग्वाच्या इतिहासात इतकी बहिरी माणसे एका छपराखाली यापूर्वी आलेली नव्हती, आणि पुढे जे घडले त्याचे मुख्य कारण हेच आहे. कोणत्याही अध्यापनपद्धतीला त्याचे श्रेय जात नाही.

अध्यापनपद्धती होती ती मौखिक. मुलांनी शिक्षकांच्या ओठांकडे पाहून स्पॅनिश समजून घ्यावी, स्वतः उच्चार करावेत आणि हाताचा उपयोग फार तर बोटांनी अक्षरे दाखवण्यापुरता व्हावा, असा तिचा आराखडा. ओष्ठवाचन किती कठीण असते हे ऐकू येणाऱ्या माणसाला सांगून पटत नाही. त्यासाठी आरशासमोर उभे राहून पाय, बाय आणि माय हे तीन शब्द आवाज न काढता म्हणून पाहावेत. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. स्पॅनिशमध्येही तेच होते: 'पाता' म्हणजे जनावराचा पाय, 'बाता' म्हणजे झगा आणि 'माता' म्हणजे झुडूप, आणि ओठांवर तिघांचा चेहरा एकच. ज्याला भाषा आधीपासून येते तो संदर्भावरून अंदाज बांधतो. पण ज्या मुलाने ती भाषा कधीच ऐकलेली नाही त्याने संदर्भ कुठून आणायचा? बोटांनी अक्षरे दाखवण्याचेही तसेच आहे. शब्दच माहीत नसेल तर त्याची अक्षरे हवेत लिहून काय उपयोग? त्यामुळे वर्षानुवर्षे वर्गात बसूनही बहुतेक मुलांना स्पॅनिश आली नाही आणि तक्ते मात्र भिंतीवर लटकत राहिले.

वर्गात हे चालले असताना मुले मधल्या सुट्टीत, रस्त्यावर आणि घरून आणण्या-सोडण्याच्या बसमध्ये एकमेकांशी हातांनी बोलत होती. प्रत्येकाने घरून आणलेल्या खुणांची देवाणघेवाण झाली, काही टिकल्या, काही गळाल्या, काही दोन मिळून एक झाल्या. शिक्षकांना ते हातवारे दिसत होते, पण समजत नव्हते. त्यांच्या लेखी ती नक्कल होती आणि स्पॅनिश न आल्याची खूण होती. या बाबतीत त्या शिक्षकांना दोष द्यायला मी सहजासहजी तयार होणार नाही. आपल्याकडच्या एका निवासी शाळेत मी काही वर्षे शिकवले, तिथे दिवसा वर्गात हात बाकावर ठेवण्याची सक्ती होती आणि संध्याकाळी वसतिगृहाच्या ओसरीवर हीच मुले दिवसभराच्या गमती हातांनी रंगवून सांगत. आम्ही शिक्षक ओसरीवरून जात असू आणि 'काय हे माकडचाळे' असे म्हणून पुढे निघत असू. ओसरीवर जे चालले होते ती भाषा होती, हे उमगायला मला शाळा सोडावी लागली.

बोलावणे

निकाराग्वाच्या शिक्षकांनी आमच्यापेक्षा एक गोष्ट शहाणपणाची केली. मुले काय बोलतात हे आपल्याला कळत नाही, असे त्यांनी कबूल केले आणि मदत मागितली. जून १९८६ मध्ये शिक्षण मंत्रालयाने ज्युडी केगल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंशी संपर्क साधला. अमेरिकन सांकेतिक भाषेच्या, म्हणजे तिथल्या बहिऱ्यांच्या खुणांच्या भाषेच्या, व्याकरणावर एमआयटीमध्ये पीएच.डी. करून त्यांना तेव्हा एखादे वर्षच झाले होते. अमेरिकेने निकाराग्वावर आदल्याच वर्षी व्यापारबंदी लादली होती आणि सरकारविरोधी काँत्रा बंडखोरांना तिचे पाठबळ होते. तरीही, किंवा त्यामुळेच, अनेक अमेरिकन नागरिक स्वखर्चाने निकाराग्वात जाऊन विहिरी, वीज, शाळा, दवाखाने यांच्या कामांत हातभार लावत होते. बेन लिंडर हा तरुण अभियंता खेड्यातल्या लहानशा जलविद्युत प्रकल्पावर काम करताना एप्रिल १९८७ मध्ये काँत्रांच्या हल्ल्यात मारला गेला. हा काळ डोळ्यासमोर ठेवला म्हणजे त्या बोलावण्याचा अर्थ कळतो. भाषाशास्त्रज्ञाला एक चमत्कार दाखवावा म्हणून ते आलेले नव्हते. अडलेल्या शाळेने ज्ञात्या परक्याकडे टाकलेला तो शब्द होता.

केगल आधी व्हिया लिबेर्तादच्या मोठ्या मुलांमध्ये गेल्या. तिथे त्यांनी खुणांची यादी करायला घेतली, पण यादी वाढली तरी व्याकरण हाती लागेना. एकच गोष्ट दोघे जण दोन तऱ्हांनी सांगत आणि एकच माणूस दोन वेळा दोन तऱ्हांनी. त्यानंतर त्या सान हुदासच्या प्राथमिक वर्गांत गेल्या आणि तिथे चित्र निराळे होते. चार-पाच वर्षांच्या वयात शाळेत आलेली मुले मोठ्यांपेक्षा वेगाने बोलत होती आणि त्यांच्या हातांच्या हालचालींत ठरावीक नियम दिसत होते. मुलांना नक्कल करायला सांगितले तर नक्कलच मिळते, म्हणून केगल यांनी शब्द नसलेले छोटे व्यंगचित्रपट दाखवले आणि पाहिलेली गोष्ट दुसऱ्या बहिऱ्या मित्राला सांगायला लावली. पिसांचे पंख बांधून उडू पाहणाऱ्या माणसाची गोष्ट मोठ्या मुलांनी सांगितली तेव्हा तिचा सांगाडा तेवढा आला. लहानांनी सांगितली तेव्हा कोण, कोणाला, कुठून, कुठे, हे सगळे हातांच्या दिशेतून वेगवेगळे होऊन आले.

हा फरक जवळून पाहण्यासारखा आहे, कारण शाळेने मदत मागितली त्या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले होते. एका माणसाने एका बाईला ढकलले, ही साधी घटना घ्या. पहिल्या पिढीच्या, म्हणजे शाळेत सर्वांत आधी आलेल्या, मुलांकडून ती 'माणूस ढकलतो, बाई पडते' अशी दोन तुकड्यांत यायची. एका क्रियेला एकच कर्ता, त्याच्यापुढे भार झेपत नसे. नंतरच्या मुलांनी आधी माणूस आणि बाई ही दोन्ही नावे घेतली, मग 'ढकलणे' आणि 'पडणे' या क्रिया लागोपाठ जोडल्या. मराठी माणसाला इथे आपल्या विभक्तीची आठवण व्हावी. आपण 'ने' आणि 'ला' लावून जे साधतो, ते त्या मुलांनी जागा आणि दिशा वापरून साधले. मोठ्यांनी त्यांना हे शिकवलेले नव्हते, कारण मोठ्यांना ते येतच नव्हते.

१९९० च्या सुमारास ॲन सेनगस ही तरुण अभ्यासक या कामात आली आणि पुढच्या दोन दशकांत तिने व तिच्या सहकाऱ्यांनी हा फरक मोजून दाखवला. २००१ मधल्या एका निबंधात तिने मेरी कोपोला यांच्यासह १९८३ च्या आधी आणि नंतर शाळेत आलेल्यांची तुलना केली. लहान वयात आणि १९८३ नंतर आलेले विद्यार्थी जागेचा व्याकरणासाठी उपयोग अधिक करतात, असे त्यात दिसले. २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला अभ्यास अधिक गाजला. त्यात 'बोलिंग' या खुंट पाडण्याच्या खेळातला जड चेंडू गिळलेले मांजर उताराच्या रस्त्याने गडगडत जाते, असा प्रसंग दाखवून सांगायला लावला. ऐकू येणारी स्पॅनिशभाषक माणसे बोलताना हात फिरवतात तेव्हा गडगडणे आणि खाली जाणे या दोन्ही गोष्टी एकाच वळणदार हालचालीत येतात, पहिल्या पिढीचे बहिरेही बहुधा तसेच करतात. पुढच्या पिढ्यांनी मात्र त्या एका हालचालीचे दोन तुकडे केले, 'गडगडणे' निराळे आणि 'खाली जाणे' निराळे, आणि मग ते एकामागून एक ठेवले. वरवर पाहता हे मागे जाणे वाटते, कारण चित्र मोडले. पण सुटे झालेले तुकडे दुसरीकडेही जोडता येतात आणि शब्द म्हणतात ते याला.

न शिकवण्याचा निर्णय

आता मूळ मुद्द्याकडे येतो. केगल यांच्याजवळ अमेरिकन सांकेतिक भाषा होती: पूर्ण वाढलेली, कोश असलेली, विद्यापीठात शिकवली जाणारी. समोर ४०० मुले होती आणि सरकारने स्वतःहून बोलावलेले होते. शिकवायचेच ठरवले असते तर आड येणारे कोणी नव्हते. त्यांनी ती शिकवली नाही. मुलांची जी भाषा घडत होती ती टिपणे, तिचे नियम शिक्षकांना समजावून देणे आणि ती शाळेत वापरली जावी यासाठी पाठबळ उभे करणे, हे काम त्यांनी निवडले.

या निर्णयावर पुढे टीका झाली आणि ती टीका दुर्लक्षून चालणार नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की, तयार भाषा हाताशी असताना ती मुलांना न देणे म्हणजे अभ्यासकाच्या कुतूहलासाठी मुलांना वेठीस धरणे होय. अमेरिकन भाषा आली असती तर त्यांना पुस्तके, चित्रफिती, परदेशी शिक्षण आणि मोठ्या जगाशी नाते लाभले असते. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद असा की, मुलांजवळ भाषा नाही हे म्हणणेच वस्तुस्थितीला धरून नाही. त्यांच्याजवळ ती होती, आणि बाहेरची भाषा आणून ती बाजूला सारणे ही मदत नसून वसाहतीची जुनी रीत ठरली असती.

माझे मत असे आहे की, मानाग्वापुरता केगल यांचा निर्णय बरोबर होता, पण त्याचे समर्थन 'शुद्ध' भाषेचे रक्षण या कारणाने करू नये. निकाराग्वाची भाषा कधीच काचेच्या पेटीत नव्हती. तिच्या शब्दसंग्रहात अमेरिकन सांकेतिक भाषेतल्या काही खुणा आल्याच, आणि जिवंत भाषेत असे व्हायचेच. निर्णय बरोबर होता तो अधिक साध्या कारणासाठी. चार वर्षांच्या मुलाला भाषा शिकायची तर सकाळपासून रात्रीपर्यंत ती वापरणारी माणसे भोवती लागतात. मानाग्वात अशी माणसे निकाराग्वाच्या खुणा वापरणारी होती, शेकड्यांनी होती आणि ती कुठे जाणार नव्हती. अमेरिकन भाषा वापरणारी व्यक्ती मात्र उन्हाळ्यात येऊन विमानाने परत जाणारी होती. जी भाषा शिक्षकाबरोबर विमानात बसते, ती मुलाच्या आयुष्यभर पुरायची कशी?

ब्लूफील्ड्स : तोच प्रश्न, निराळे उत्तर

हा निर्णय तत्त्व म्हणून घेतला असता तर तो दुसऱ्या ठिकाणी क्रूर ठरला असता. निकाराग्वाचा पूर्व किनारा मानाग्वापासून फार तुटलेला. तिथले ब्लूफील्ड्स हे मोठे गाव, जिथे क्रिओल इंग्रजी, मिस्कितो आणि स्पॅनिश अशा भाषा ऐकू येतात, तिथे त्या काळी राजधानीतून सरळ रस्ता नव्हता. एल रामापर्यंत बसने जायचे आणि पुढे एस्कोन्दिदो नदीतून होडीने, नाहीतर लहान विमानाने. ऑक्टोबर १९८८ च्या चक्रीवादळाने तर गावाची बहुतेक घरे जमीनदोस्त केली होती. त्या किनाऱ्यावरची बहिरी मुले मानाग्वाच्या मुलांसारखी एकत्र आलेली नव्हती. ती आपापल्या घरी, घरच्या दहा-वीस खुणांवर वाढत होती आणि त्यांच्यात स्वतःहून भाषा उगवेल म्हणून वाट पाहणे म्हणजे त्यांची वर्षे वाया घालवणे होते. भाषा मिळण्याचे वय निघून गेले की ती पुढे तितकीशी येत नाही, हे मानाग्वाच्याच मोठ्या मुलांनी दाखवून दिले होते.

१९९५ मध्ये केगल यांचे पती जेम्स शेपर्ड-केगल यांनी तिथे छोटी शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला. या शाळेत भाषा बाहेरून आणली गेली, हे स्पष्ट म्हणायला हवे. पण ती अमेरिकेतून आणली नाही, मानाग्वाहून आणली, आणि आणणारे हात मानाग्वात वाढलेल्या बहिऱ्या तरुणांचे होते. ब्लूफील्ड्सच्या मुलांना आयुष्यात पहिल्यांदा मोठे झालेले बहिरे माणूस दिसले. आपण मोठे झालो की ऐकू येऊ लागेल किंवा आपण मरून जाऊ, असे बहिऱ्या मुलांना वाटत असते, ही गोष्ट आपल्या शाळांतल्या अनुभवी बाईंनीही ऐकलेली असेल. मोठे बहिरे माणूस कधी पाहिलेच नसेल तर मुलाने दुसरे काय समजावे? खुणांचे लेखन करण्याची एक लिपीही या शाळेत वापरली गेली, म्हणजे हाताचा आकार, जागा आणि हालचाल कागदावर चिन्हांनी उतरवायची.

मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच वाटतो, पण तो क्वचितच सांगितला जातो. पैसा, कायदेशीर नोंदणी, सामान, इमारत हे सारे परदेशी माणसांनी पाहिले. वर्गासमोर मात्र निकाराग्वाची बहिरी माणसे उभी राहिली.

याच्या शेजारी आफ्रिकेतले एक उदाहरण ठेवावेसे वाटते, नाहीतर बाहेरची भाषा आणणारा प्रत्येक जण चुकला असा समज व्हायचा. अँड्र्यू फॉस्टर हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय गृहस्थ स्वतः अकराव्या वर्षी मेंदुज्वराने बहिरे झाले, १९५४ साली गॅलोडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले आणि १९५७ साली घानात आक्रा इथे त्यांनी बहिऱ्या मुलांची शाळा उघडली. पुढच्या तीस वर्षांत त्यांनी १३ देशांत ३० हून अधिक शाळा उभ्या केल्या. डिसेंबर १९८७ मध्ये रुवांडातील विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी अमेरिकन खुणा नेल्या आणि आज घानाची सांकेतिक भाषा त्यांच्यापासूनच निघालेली आहे. घानातच आदामोरोबे नावाच्या गावात आनुवंशिक बहिरेपणामुळे पिढ्यानपिढ्या रुजलेली स्वतंत्र खुणांची भाषा होती. गावातली मुले निवासी शाळेत जाऊ लागली तशी ती मागे पडली, ही हानी खरी आहे. पण फॉस्टर स्वतः बहिरे होते, ते पाहुणे म्हणून गेले नाहीत तर तीस वर्षे त्याच कामात घालवली, आणि त्यांच्या शाळांतून निघालेली बहिरी मुले पुढे शिक्षक झाली. परक्या भाषेचे बी असे रुजते. दोन महिन्यांच्या मुक्कामाने रुजत नाही.

बहिऱ्यांची स्वतःची संघटना

निकाराग्वात १९८६ मध्येच आणखी एक गोष्ट घडली, तिला केगल यांच्या आगमनाइतकी प्रसिद्धी मिळाली नाही. शाळा सोडलेल्या बहिऱ्या तरुणांची संघटना त्या वर्षी स्थापन झाली आणि पुढे तिचे राष्ट्रीय संघटनेत रूपांतर झाले. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा घरी जाऊन पुन्हा मुका होऊ नये, ही तिची पहिली उपयुक्तता; संध्याकाळी भेटायला, नोकऱ्यांबद्दल बोलायला, लग्ने जुळवायला जागा झाली. स्वीडनमधल्या बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला दीर्घकाळ मदत केली. स्वीडनने १९८१ मध्येच खुणांच्या भाषेला मान्यता दिली होती, त्यामुळे ही मदत बहिऱ्यांकडून बहिऱ्यांना मिळालेली होती, तीत दयेचा सूर नव्हता. १९९७ मध्ये निकाराग्वाच्या खुणांचा कोश संघटनेने प्रसिद्ध केला आणि २००९ मध्ये संसदेने या भाषेसाठी कायदा केला.

संघटनेचे महत्त्व आणखी एका अभ्यासातून कळते. जेनी पायर्स आणि सेनगस यांनी मोठ्या वयाच्या, पहिल्या पिढीच्या बहिऱ्यांना चित्रांतून एक गोष्ट दाखवली: एक मुलगा आपले खेळणे एका जागी ठेवून जातो, तो नसताना दुसरा ते हलवतो, आता पहिला परत येऊन कुठे शोधेल? पाच वर्षांचे बोलणारे मूल याचे उत्तर बहुधा बरोबर देते. विशी ओलांडलेल्या या माणसांपैकी अनेकांना ते जमले नाही. खेळणे प्रत्यक्षात जिथे आहे तिथेच तो जाईल, असे ते दाखवत. 'त्याला वाटते', 'त्याला माहीत नाही' अशा मनातल्या गोष्टींच्या खुणा त्यांच्या हातात फार कमी होत्या. सुमारे दोन वर्षांनी तीच माणसे पुन्हा तपासली तेव्हा त्यांची उत्तरे सुधारलेली आढळली. मधल्या काळात संघटनेत त्यांचा नंतरच्या पिढीच्या तरुणांशी संबंध वाढला होता आणि 'वाटणे', 'कळणे' या क्रियापदांच्या खुणा त्यांनी उचलल्या होत्या. या दोन वर्षांत त्यांना शिकवायला कोणी स्वयंसेवक गेला नव्हता; शिकवणारे होते ते त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान बहिरे मित्र.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी

मुंबईत माझगावला १८८५ साली कर्णबधिरांची शाळा निघाली, म्हणजे या कामात आपण नवखे नाही. वांद्र्याला १९८३ पासून कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तरी भारतीय सांकेतिक भाषा येणारा मराठी तरुण परदेशी निघाला की, आपल्याजवळ एक तयार वस्तू आहे असे त्याला वाटू लागते, आणि हेच या प्रकरणातले नाजूक ठिकाण आहे. भारतीय खुणा येत असतील तर त्याचा परदेशात उपयोग इतकाच की, हातांनी चालणारी भाषा कशी असते, डोळ्यांत डोळे घालून कसे ऐकावे लागते, दिवा पाठीशी असेल तर समोरच्याला आपले हात दिसत नाहीत, ही शिस्त अंगी असते. शब्द आणि व्याकरण तिथल्या बहिऱ्या मोठ्या माणसांकडून शिकावे लागते, आणि ते शिकवणारा कोणीच संस्थेत नसेल तर संस्थेला विचारायचा पहिला प्रश्न तोच: या शाळेत पगारावर असलेली बहिरी माणसे किती आहेत? उत्तर 'एकही नाही' असे आले तर आपण दोन महिने वर्गात उभे राहण्यापेक्षा त्या तिकिटाच्या पैशांत एका स्थानिक बहिऱ्या तरुणाचा वर्षभराचा पगार निघतो का, हे पाहावे. गरीब देशांत तो पुष्कळदा निघतो. बहुविकलांग मुलांच्या बाबतीत तर अधिकच सावधपणा हवा, कारण त्यांना उचलणे, भरवणे, स्वच्छ करणे ही कामे ज्या हातांना माहीत असतात ते हात दर दोन महिन्यांनी बदलले तर मुलाचे खाणे तुटते आणि झोपही.

केगल यांच्याही बाबतीत एक प्रश्न मोकळा राहतो. त्यांनी आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनी मुलांचे बोलणे चित्रित केले, त्यावर निबंध लिहिले, पदव्या आणि पदे मिळवली. मुलांना काय मिळाले याचा हिशोब संघटना, कोश, कायदा आणि ब्लूफील्ड्सची शाळा यांच्या रूपात काही प्रमाणात मांडता येतो. पण १९७७ साली सान हुदासच्या दारातून आत आलेली पहिली मुले आज साठीच्या आसपास आहेत. देशाच्या भाषेचा पाया त्यांच्या हातांनी घातला आणि तिच्यावर पुढे चढलेले मजले त्यांना स्वतःला पुरते चढता आले नाहीत. माणसाने बाईला ढकलले हे सांगायचे असेल तर त्यांतले अनेक जण अजूनही आधी माणूस ढकलतो असे सांगतात, थांबतात आणि मग बाई पडते असे सांगतात.